खरखर कुठून येते? व्हॉल्व्हची अदलाबदल आणि आमच्या भागाचा रेडिओ

३० जून १९४८ रोजी न्यूयॉर्कमध्ये बेल प्रयोगशाळेने पत्रकारांना बोलावून ट्रान्झिस्टर नावाची एक नवी वस्तू दाखवली. त्यानंतर अडीच महिन्यांनी, १३ सप्टेंबर १९४८ रोजी, भारतीय सैन्याने नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल ताब्यात घेतला आणि सकाळी नऊच्या सुमारास चिलखती तुकडी आमच्या जळकोटात शिरली. दुपारी सव्वातीनपर्यंत ती उमरग्याला पोहोचली होती. (लातूर जिल्ह्यात जळकोट नावाचा तालुका आहे, तो वेगळा. हे जळकोट सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे, नळदुर्गपासून आठेक किलोमीटरवरचे.)

या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही. तरीही वर्गात ‘पोलीस अॅक्शन’चा विषय निघाला की मी त्या एकत्र सांगतो. कारण त्या सप्टेंबरात ट्रान्झिस्टर प्रयोगशाळेबाहेर आलेला नव्हता. चिलखती गाड्यांतले वायरलेस, हैदराबादचे रेडिओ केंद्र, सोलापुरातल्या एखाद्या व्यापाऱ्याच्या दिवाणखान्यातला रेडिओ, सगळे काचेच्या व्हॉल्व्हवर चालत होते. कोण जिंकले, कोण हरले, कुठे काय जळाले, ही बातमी त्या लालसर उजेडातून लोकांपर्यंत येत होती. तिच्यासोबत भरपूर खरखरही येत होती.

आज पुन्हा व्हॉल्व्हविषयी लिहायचे कारण वेगळे आहे. आपल्या भागातली पोरे पुणे, हैदराबाद, बंगळूरला नोकरीला लागली. त्यांच्यातल्या गाण्याची आवड असलेल्यांनी हेडफोनसाठी छोटे व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायर घेतले आहेत. वर दोन काचेच्या नळ्या, आत मंद उजेड. काही दिवसांनी एका कानात खरखर सुरू होते आणि प्रश्न येतो, “सर, व्हॉल्व्ह गेला का? नवा मागवू का?” या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडच्या जुन्या रेडिओ मिस्त्रींनी कधीच देऊन ठेवले आहे. ते कुठे छापून आलेले नाही, म्हणून इथे मांडतो.

काचेच्या नळीचा जन्म

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून टाकलेली काचेची नळी. आत एक तार तापते. तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि समोरच्या धन प्रभाराच्या पट्टीकडे, म्हणजे प्लेटकडे, धावतात. इंग्लंडच्या जॉन अॅम्ब्रोस फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये असा दोन भागांचा व्हॉल्व्ह केला. वीज त्यातून एकाच दिशेने जाते, पाण्याच्या नळातल्या झडपेसारखी, म्हणून इंग्रजांनी त्याला व्हॉल्व्ह म्हटले. १९०६ मध्ये अमेरिकेच्या ली डी फॉरेस्ट यांनी मध्ये एक तारेची जाळी बसवली. जाळीवर बारीकसा संकेत दिला की प्लेटकडे जाणारा मोठा प्रवाह त्याच्या तालावर कमी-जास्त होतो. कुजबुजीचा आवाज मोठा करण्याची युक्ती माणसाला सापडली ती इथे. अमेरिकेत याच वस्तूला ट्यूब म्हणतात, आपल्या पाठ्यपुस्तकात ती निर्वात नलिका झाली, आणि उर्दू बोलणारे असोत की मराठी, मिस्त्रींच्या तोंडी ती ‘वॉल’ राहिली. “इसका वॉल गया है” हे वाक्य आमच्याकडे दोन्ही भाषांत चालले.

या नळीला एक उपजत खोड आहे. ती जे मोठे करते त्यात खरे-खोटे पाहत नाही. गाणे मोठे करते, तशी तारेतली गुणगुणही मोठी करते. शिवाय ती स्वतःचा थोडा आवाज घालतेच. इलेक्ट्रॉन सलग धारेसारखे वाहत नाहीत, पत्र्यावर पडणाऱ्या गारांसारखे एकेक आदळतात. त्यातून ‘सूंऽऽ’ असा बारीक आवाज तयार होतो. जर्मनीच्या वॉल्टर शॉट्की यांनी १९१८ मध्ये याचा हिशेब मांडला. दहा वर्षांनी, १९२८ मध्ये, बेल प्रयोगशाळेतल्या जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी दाखवले की साधा रोधसुद्धा केवळ त्याच्या उष्णतेमुळे असाच आवाज करतो. म्हणजे थोडी खरखर ही यंत्राची प्रकृतीच आहे. ती पूर्ण घालवता येत नाही. प्रकृती कुठे संपते आणि दोष कुठे सुरू होतो, हे ओळखणे हे कारागिराचे काम.

दोन रेडिओंच्या मधले गाव

निजामाच्या राज्यात रेडिओ लवकर आला. हैदराबादचे केंद्र १९३५ मध्ये सरकारी झाले तेव्हा त्याची शक्ती केवळ २०० वॅट होती. पुढे मोठे प्रक्षेपक आले. उर्दू मुख्य होती, त्यासोबत तेलुगू, मराठी आणि कन्नड कार्यक्रम होत. औरंगाबादलाही संस्थानचे एक छोटे केंद्र होते. स्वातंत्र्याच्या वेळी संपूर्ण देशात संस्थानांची मोजकी पाच केंद्रे होती: म्हैसूर, त्रिवेंद्रम, बडोदे, हैदराबाद आणि औरंगाबाद. पाचांतली दोन एकट्या निजामाची. १ एप्रिल १९५० रोजी ही दोन्ही भारत सरकारच्या ताब्यात गेली.

आमच्या पट्ट्याची गंमत अशी की सोलापूर मुंबई प्रांतात आणि नळदुर्ग-जळकोट निजामाच्या राज्यात. पण लहरींना चुंगी-नाका नसतो. मीडियम वेव्हच्या लहरी दिवसा फार लांब जात नाहीत. रात्री वातावरणाचा वरचा थर त्यांना परत पृथ्वीकडे वळवतो आणि शेकडो मैलांवरचे केंद्र कानावर पडते. ज्याच्याकडे सेट असेल त्याला एका बाजूला काटा नेला की हैदराबाद, दुसऱ्या बाजूला नेला की ऑल इंडिया रेडिओ. १९४८ च्या पावसाळ्यात एकीकडून संस्थान सरकारची बाजू येत होती, दुसरीकडून भारत सरकारची. मधल्या जागेत खरखर.

सेट मात्र फारच थोड्या घरांत. खेड्यात वीज नव्हती. विजेशिवाय व्हॉल्व्हचा सेट चालवायचा म्हणजे दोन प्रकारची वीज लागते: तार तापवायला दीड-दोन व्होल्ट आणि प्लेटसाठी नव्वदच्या आसपास. त्यासाठी विटेएवढ्या कोरड्या बॅटऱ्या येत. काही सेट मोटारीच्या सहा व्होल्टच्या बॅटरीवर चालत. त्यात व्हायब्रेटर नावाचा एक कंपणारा तुकडा सेकंदाला शंभरेक वेळा वीज तोडत-जोडत असे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधून ती वाढवता येई. या व्हायब्रेटरची स्वतःची भुणभुण गाण्यात मिसळे. बॅटरी महाग, म्हणून सेट दिवसभर लावत नसत. बातम्यांपुरता लावायचा आणि बंद करायचा. उरलेल्या गावाला बातमी मिळे ती ऐकणाऱ्याच्या तोंडून, आणि त्याने ऐकलेले खरखरीतून ऐकलेले असे.

१७ सप्टेंबर १९४८ च्या संध्याकाळी निजाम मीर उस्मान अली खान यांनी हैदराबादच्या रेडिओवरून युद्धबंदी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी जनरल अल-इद्रूस यांनी मेजर जनरल चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. रेडिओच्या हिशेबाने गोष्ट इथे संपली.

जिल्ह्याच्या हिशेबाने ती संपली नव्हती. आधीचे वर्षभर रझाकारांनी गावोगाव जे केले, त्याची झळ हिंदू शेजाऱ्यांनी सोसली होती. रझाकारांचा पुढारी कासिम रझवी लातूरला वकिली करणारा, आणि लातूर तेव्हा आमच्याच उस्मानाबाद जिल्ह्यात होते. त्यांच्या विरोधात लिहिणारा शोएबुल्ला खान हा उर्दू ‘इमरोज’चा संपादक. ऑगस्ट १९४८ मध्ये त्याला हैदराबादेत भर रस्त्यात मारले. मग सैन्य आल्यानंतरच्या आठवड्यांत सूड निघाला तो ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता अशा मुसलमानांवरही. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्या वर्षअखेर हिंडून अहवाल दिला. त्यात सर्वांत जास्त झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव आहे, सोबत गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. संपूर्ण संस्थानातल्या मृतांचा समितीचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता. आपला जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद त्यात आहे. हा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही.

हे सगळे व्हॉल्व्हच्या लेखात कशाला, असे कुणी विचारील. उत्तर पुढे येईल. आधी मिस्त्रीच्या टेबलावर जाऊ.

मिस्त्रीची तहकीक

पन्नास आणि साठची दशके ही आमच्या भागातल्या रेडिओ मिस्त्रींची दशके. देशात रेडिओ तयार होऊ लागले. मर्फीचा कारखाना ठाण्याला होता. १९६१ पासून बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने व्हॉल्व्ह बनवायला घेतले आणि परदेशी मालावरची मदार कमी होत गेली. ३ डिसेंबर १९५२ ला रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली होती. ऑल इंडिया रेडिओने त्या वर्षी सिनेसंगीताला दार बंद केल्यामुळे बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सयानी यांचा आवाज ऐकायला सगळा देश शॉर्टवेव्हवर जाई. १९५७ मध्ये विविध भारती आली. पोस्टात वर्षाची फी भरून लायसन्स काढायचे, छपरावर एरियल ताणायची, आणि सेट बिघडला की तालुक्याच्या गावी न्यायचा.

या मिस्त्रींमध्ये आमच्या समाजातले लोक पुष्कळ होते. मोटार, घड्याळ, बँड, रेडिओ ही कामे उस्तादाच्या हाताखाली शिकायची. आयटीआयचा दाखला क्वचित कुणाकडे असे. इंग्रजी वाचता येत असे ते व्हॉल्व्हवरच्या क्रमांकापुरते. पण दोष शोधण्याची त्यांची रीत एखाद्या प्रयोगशाळेत शोभावी अशी होती. ती मी चार पायऱ्यांत सांगतो, कारण हेडफोन अॅम्प्लिफायरला ती जशीच्या तशी लागू पडते.

पहिली पायरी, दोष घरात आहे की घराबाहेर, हे पाहणे. मिस्त्री एरियल काढून बाजूला ठेवी. खरखर थांबली तर ती बाहेरून येत होती: ढगातली वीज, शेजारच्या गिरणीची मोटर, तारेवरची ठिणगी. थांबली नाही तर ती सेटच्या आत आहे. आजच्या अॅम्प्लिफायरमध्ये एरियलच्या जागी मोबाइल किंवा लॅपटॉप असतो. त्याची वायर काढा आणि ऐका. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर गुणगुण गेली तर व्हॉल्व्हला हात लावायचे कारण नाही. दोन यंत्रांच्या अर्थिंगमधून वीज गोल फिरते आहे. स्वस्त अॅडॅप्टर, एलईडी बल्ब आणि जवळ ठेवलेला मोबाइल हे आजचे गिरणीचे मोटर आहेत.

दुसरी पायरी, आवाजाची जात ओळखणे. एकसारखी घुमणारी ‘हूंऽऽ’ असेल तर तिला मिस्त्री हमिंग म्हणत. आपली वीज सेकंदाला ५० फेरे घेते. हमिंग जाड, ५० फेऱ्यांची असेल तर तापणाऱ्या तारेतून वीज गळते आहे किंवा अर्थिंगचा घोळ आहे. ती थोडी चढी, १०० फेऱ्यांची असेल तर वीज गाळणारा मोठा कंडेन्सर वाळला आहे. कडकड, फटफट असा तुटक आवाज आला तर पिना काळ्या पडल्यात, सोल्डर सुटले आहे किंवा कंडेन्सर गळतो आहे. टिचकी मारल्यावर ‘टणऽऽ’ वाजले तर व्हॉल्व्हच्या आतले भाग सैल झाले आहेत आणि नळी मायक्रोफोनसारखी वागते आहे. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलकेच टकटक केले की हे कळते. नुसती ‘सूंऽऽ’ असेल आणि ती थोडीच असेल, तर ती शॉट्की आणि जॉन्सन यांची खरखर. तिच्याशी जमवून घ्यावे.

आवाजाचे बटण शून्यावर आणूनही पाहावे. खरखर तशीच राहिली तर दोष बटणाच्या पुढच्या भागात. बटणाबरोबर कमी-जास्त झाली तर मागच्या भागात. आणि बटण फिरवतानाच ‘खर्रर्र’ होत असेल तर बटणाच्या आत धूळ आहे, बिचाऱ्या व्हॉल्व्हचा काय संबंध?

तिसरी पायरी, साफसफाई. सेट बंद करून, व्हॉल्व्ह गार झाल्यावर, तो सरळ वर ओढून काढायचा. पिना स्पिरिटने पुसायच्या, सॉकेटमध्ये दोन-चार वेळा घालून काढायचा. कितीतरी ‘गेलेले’ व्हॉल्व्ह एवढ्यावर परत येतात. काढला की त्याच्या काचेकडे पाहावे. वरच्या बाजूला आतून चांदीसारखा डाग असतो. उरलीसुरली हवा शोषून घेण्यासाठी तिथे बेरियमचा लेप दिलेला असतो. तो डाग दुधासारखा पांढरा झाला असेल तर काचेत हवा शिरली, नळी मेली. बाकी कोणत्याही खुणेवरून, जुनी दिसते किंवा छाप पुसला आहे म्हणून, तिला मेलेली ठरवता येत नाही.

चौथी पायरी म्हणजे अदलाबदल, आणि हा सगळ्या विद्येचा गाभा आहे. रेडिओत प्रत्येक टप्प्याचा व्हॉल्व्ह वेगळा असतो. म्हणून मिस्त्री एकेक व्हॉल्व्ह काढून खरखर कुठल्या टप्प्यानंतर सुरू होते ते पाही, आणि संशय आला त्या जागी त्याच क्रमांकाचा खात्रीचा व्हॉल्व्ह लावून बघे. (काही सेटमध्ये सगळ्यांच्या तारा एका माळेत असत, एक काढला की सगळे विझत, लग्नातल्या दिव्यांच्या माळेसारखे. तिथे फक्त बदलूनच पाहता येई.) हेडफोन अॅम्प्लिफायरमध्ये उजव्या कानाचा एक व्हॉल्व्ह आणि डाव्या कानाचा एक, दोन्ही सारखे, असतील तर काम फार सोपे. खरखर डाव्या कानात आहे ना? सेट बंद करा, गार होऊ द्या, डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावा. खरखर व्हॉल्व्हबरोबर उजव्या कानात गेली, तर दोष व्हॉल्व्हचा. ती डाव्याच कानात राहिली, तर व्हॉल्व्ह निर्दोष आहे. दोष त्या जागेचा, त्या सॉकेटचा, त्या सर्किटचा आहे. तिथे तुम्ही परदेशातून कितीही महागडा व्हॉल्व्ह मागवून बसवा, तो दोन दिवसांत ‘खराब’ वाटू लागेल. दोन्ही कानांत सारखीच गुणगुण असेल तर दोघांना वीज पुरवणाऱ्या भागाकडे पाहा. एकाच नळीत दोन्ही कानांचे दोन अर्धे भाग असतील, तर त्याच क्रमांकाची दुसरी नळी मिळवूनच परीक्षा होते.

यात एक नियम उस्ताद शागिर्दाला पहिल्या दिवशी सांगत: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. व्हॉल्व्ह बदलला, वायरही बदलली आणि खरखर गेली, तर दोषी कोण हे कायमचे अंधारात राहते.

दुसरा नियम, सॉकेटमध्ये बसला म्हणजे चालला असे नाही. नऊ पिनांचे कितीतरी व्हॉल्व्ह दिसायला सारखे असतात. ईसीसी८३ आवाज शंभर पट करू शकतो, त्याचाच भाऊ ईसीसी८२ वीस पटीच्याही आत. हे दोघे एकमेकांच्या जागी निदान बसतात. पण ईसीसी८८ च्या तारेची जोडणी वेगळी, तिथे ईसीसी८३ चालणार नाही. रशियन ६एन१पी अनेकजण ईसीसी८८ च्या जागी लावतात, पण तार तापवायला तो ६०० मिलिअँपिअर ओढतो आणि ईसीसी८८ ला ३६५ पुरतात. छोट्या ट्रान्सफॉर्मरला हे ओझे झेपेलच असे नाही. अॅम्प्लिफायर बनवणाऱ्याने जे क्रमांक दिले आहेत तेवढेच वापरावेत.

तिसरा नियम जिवाचा. सेट बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये शेकडो व्होल्ट शिल्लक राहू शकतात. माळेच्या जोडणीच्या जुन्या रेडिओत तर लोखंडी चासीलाच थेट विजेची तार जोडलेली असते. वरून व्हॉल्व्ह बदलणे वेगळे, पेटी उघडून आत बोट घालणे वेगळे. दुसरे काम ज्याला येते त्यानेच करावे.

खरखर आणि तोहमत

हेडफोनने या जुन्या प्रश्नाला धार आणली आहे. खोलीत ठेवलेल्या स्पीकरची बारीक खरखर पंख्याच्या आवाजात बुडून जाते. कानात बसलेला हेडफोन एका मिलिवॅटवर, म्हणजे वॅटच्या हजाराव्या हिस्स्यावर, खूप मोठा आवाज देऊ शकतो. त्यामुळे यंत्राची एरवी लपून राहणारी कुरबुरही थेट कानाशी येते. ती ऐकून माणूस अस्वस्थ होतो आणि जे समोर चमकताना दिसते त्यावर आळ घेतो. व्हॉल्व्ह बाहेर असतो, कंडेन्सर पेटीत असतो. बाहेर दिसणारा आधी पकडला जातो.

आता १९४८ कडे परत येतो. त्या वर्षी आमच्या जिल्ह्यात जे झाले ते असेच होते, फक्त पणाला माणसे लागली होती. सत्तेचे सर्किट बिघडले होते: लोकांना प्रतिनिधित्व न देणारे राज्य, हाती शस्त्रे दिलेली खासगी सेना, दोन्ही बाजूंनी येणारा प्रचार आणि मधे अफवांची खरखर. रझाकारांनी गावातल्या प्रत्येक हिंदूला संस्थानचा शत्रू मानले. नंतर सूड घेणाऱ्यांनी प्रत्येक मुसलमानाला रझाकार मानले. दोघांनीही छाप पाहून निकाल दिला. शोएबुल्ला खान हा त्याच उर्दूत लिहिणारा, त्याच समाजातला. तो रझाकारांच्या हातून मेला. आणि शेजाऱ्याला घरात लपवणारे हिंदू त्याच गावांतले होते जिथून सूड घेणारे निघाले. एकाच्या जागी दुसऱ्याला ठेवून पाहिले असते, तर दोष कोणाबरोबर जातो आणि कुठे जागेवरच राहतो, हे दिसले असते. उर्दूत दोन शब्द आहेत: तहकीक आणि तोहमत. आधी शोध, मग आरोप. मिस्त्रीच्या टेबलावर हा क्रम चुकला तर एक नळी वाया जाते. गावात चुकला तर काय होते, हे सुंदरलाल समितीच्या आकड्यांत आहे.

मिस्त्रींकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. सेट गप्प झाला म्हणजे दुरुस्त झाला असे ते मानत नसत. हमिंग नाही, खरखर नाही, पण गाणेही नाही, असा सेट मेलेला असतो. अहवाल पेटीत ठेवून दिला म्हणून जिल्ह्याची जखम भरली नाही. तिच्याविषयी बोलणे तेवढे बंद झाले. आमच्या घराघरांत आजही त्या दिवसांचा विषय निघाला की मोठी माणसे आवाज खाली आणतात. ही शांतता आणि आवाजाची शुद्धता यांत फरक आहे, आणि तो दोन्ही समाजांनी ओळखायला हवा.

सत्तरच्या दशकात ट्रान्झिस्टरने व्हॉल्व्हला बाजूला सारले. सेट खांद्यावर घेऊन शेतात नेता येऊ लागला. बॅटरीचे ओझे गेले, तापायची वाट पाहणे गेले. लायसन्सचे पुस्तकही ऐंशीच्या दशकात इतिहासजमा झाले. मिस्त्रींनी टीव्हीकडे, मग मोबाइलकडे मोर्चा वळवला, काहींनी दुकान बंद केले. त्यांच्या ड्रॉवरमधले उरलेले भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह आता हेडफोनवाले शोधत फिरतात. व्हॉल्व्ह सापडतातही. त्यांना वापरायची रीत ज्यांच्या हातात होती ती माणसे मात्र सत्तरी-ऐंशी ओलांडून गेली आहेत.

म्हणून वाचकांना दोन कामे सांगतो. घरात जुना व्हॉल्व्ह रेडिओ असेल तर तो हौसेने थेट प्लगात लावू नका. वर्षानुवर्षे पडून राहिलेले कंडेन्सर वीज लागताच फुटू शकतात. आधी जाणत्याला दाखवा. आणि गावात एखादा जुना मिस्त्री असेल तर वही घेऊन त्याच्याकडे जा. सेटमध्ये किती व्हॉल्व्ह होते, त्यांचे क्रमांक काय, बॅटरी कुठून यायची, आधी कोणते केंद्र लागायचे, १९४८ च्या सप्टेंबरात घरातल्या मोठ्यांनी काय ऐकले आणि कोणाच्या तोंडून ऐकले, हे सगळे विचारा. मराठीत लिहा, उर्दूत लिहा. त्याने ऐकलेले आणि त्याने पाहिलेले वेगवेगळ्या पानांवर लिहा.